सोबत कुणाला तरी आणा

मुक्ताबाईंनी अठ्ठावीस वर्षांत किती घरांना मृत्यूची बातमी कळवली, याची नोंद कुठेही नाही. खरे तर त्यांनी ती कधी शब्दांत सांगितलीच नाही, आणि त्यांच्या कामातले कौशल्य नेमके तेच मानले जाई. शहरातल्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत त्यांचा बोर्ड होता, एक उंच स्टूल होते आणि भिंतीवर वॉर्डांच्या क्रमांकांचा तक्ता होता. वरून चिठ्ठी येई. तिच्यावर खाट, नाव, गाव आणि फोन लिहिलेला असे. तो फोन बहुधा गावातल्या किराणा दुकानाचा किंवा सरपंचाच्या घरचा असायचा. पलीकडे कुणी तरी धावत जाऊन नातेवाइकाला बोलावून आणी. तो धापा टाकत "हॅलो" म्हणेपर्यंत मुक्ताबाई आपला आवाज तयार ठेवीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा सरळ सांगितले होते. अजिंठ्याच्या एका तरुणाची बायको बाळंतपणात गेली, ते त्यांनी त्याला फोनवर कळवले. तो एकटाच मोटारसायकलवर निघाला आणि फुलंब्रीजवळ ट्रकला धडकला. जीव वाचला, एक पाय गेला. बायको खाली शवागारात आणि नवरा वर अस्थिरोग वॉर्डात, असे दोन दिवस मुक्ताबाईंनी त्याच जिन्याखाली बसून काढले. त्यानंतर त्यांनी स्टाफ नर्स दमयंती सिस्टरांशी बोलून आपली रीत ठरवली. रुग्ण जिवंत असेल तर नातेवाइकाला घाई करायला लावायची. लगेच निघा, रक्त देणारा माणूस आणा, आल्याबरोबर डॉक्टरांना भेटा. रुग्ण गेला असेल तर नातेवाइकाच्या मनातली घाई काढून घ्यायची. "तब्येत जरा जास्त आहे. काळजी करू नका. सावकाश या. एकटे येऊ नका, सोबत कुणाला तरी आणा."

दूरच्या माणसाला मृत्यू कळवू नये, त्याला आधी घरी पोहोचू द्यावे, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे. त्यामागे करुणा आहे हे कुणी नाकारणार नाही. पण करुणेने बोललेल्या असत्यालाही परिणाम असतो, आणि तो उशिरा दिसतो. ऐकणारे हळूहळू ते वाक्य ओळखू लागतात. मुक्ताबाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत "सावकाश या" एवढे म्हणताच पलीकडून रडणे ऐकू येई. बोलणे पूर्वीइतकेच सौम्य राहिले होते, मात्र त्यावर विश्वास ठेवण्याची सोय संपली होती. हे त्यांच्या लक्षात आले होते. परंतु दुसरे काय बोलावे, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते आणि त्यांनाही सुचले नाही.

निवृत्तीनंतर त्या मुकुंदवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात पूर्णवेळ आल्या, तेव्हा पती नानासाहेब आजारी पडले होते. ते मूळचे गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले. तरुणपणी शहरात आले आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे लेथ चालवला. आता त्यांची फुफ्फुसे आक्रसत चालली होती. घरात ऑक्सिजनचे यंत्र आले. वीज गेली की यंत्र थांबे, म्हणून इन्व्हर्टर आला. डॉक्टरांना मुदत विचारली तर ते म्हणत, दोन महिनेही असतील, दोन वर्षेही असतील. मुलगा विश्वजीत एका कारखान्यात कंत्राटावर होता. त्याचे कंत्राट दर सहा महिन्यांनी संपे, आणि पुढचे मिळेल की नाही हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नसे. नळाचे पाणी कधी सहा दिवसांनी येई, कधी नऊ. या घरात एकही गोष्ट तारीख सांगून होत नव्हती.

अशा दिवसांत पारूबाईंनी श्रीलंकेची गोष्ट काढली. पारूबाई त्याच रुग्णालयात वॉर्डात आया होत्या. त्यांचा मुलगा सम्यक एका मंडळातर्फे दरवर्षी बौद्ध स्थळांच्या यात्रा नेई. या वेळी तो अनुराधपूर आणि कँडीला सव्वीस माणसे नेणार होता. पारूबाई, दमयंती सिस्टर आणि मुक्ताबाई यांची मैत्री तीस वर्षांची होती. एका खोलीत डबा खायचा, एकमेकींच्या पाळ्या सांभाळायच्या, आणि निवृत्त झाल्यावर तिघींनी मिळून कुठे तरी लांब जायचे, असे त्या दरवर्षी म्हणत आल्या होत्या. मुक्ताबाईंनी लगेच नकार दिला. नानासाहेबांना सोडून जाण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. तो प्रश्न नानासाहेबांनी उभा केला.

"मी मरायची वाट बघत बसणार हायेस का इथं?" ते म्हणाले.

"अवो, तोंडाला काही धरबंध?"

"मग जा की. आठ दिवसांत काय होतंय? अन् झालं तरी तू काय करणार? ही नळी नाकात माझ्या, तुझ्या नाय." दम लागला म्हणून ते थांबले. मग पारूबाईंकडे वळून म्हणाले, "बघा पारूबाई, लोकाच्या बायका लंकेत पळवून नेतात. माझी सोताहून चाललीय, तेबी पासपोर्ट काढून."

"मंग तुम्ही या सोडवायला," पारूबाई म्हणाल्या.

"येतो की. ह्या मशीनची वायर तेवढी लांब करा."

पासपोर्ट आला तेव्हा नानासाहेबांनी तो उशाखाली ठेवून घेतला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तो दाखवत आणि फोटोकडे बोट करून म्हणत, "चोरावानी दिसतीय की नाय?" त्यांची थोरली बहीण सारजाबाई गंगापूरहून आली, तिला मात्र हे मुळीच पटले नाही. "नवरा ऑक्सिजनवर अन् ही चालली फिरायला. आमच्या येळंला असलं नव्हतं बाई," असे ती स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. नानासाहेबांनी खोलीतून उत्तर दिले, "अक्का, तुमच्या येळंला ऑक्सिजनबी नव्हता."

नानासाहेबांना आपल्याला पाठवायचे का होते, यावर मुक्ताबाईंनी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांचा निष्कर्ष साधा होता. आजारी माणसाला आपल्यामुळे दुसऱ्याचे आयुष्य थांबलेले पाहणे सहन होत नाही. नानासाहेबांची एकच अट होती. रोज संध्याकाळी पाच वाजता फोन करायचा आणि दिवसभरात काय पाहिले ते सांगायचे.

सोमवारी त्या निघाल्या. सून सायलीने रजा घेतली आणि औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस मुक्ताबाईंनी पाचला फोन केला. नानासाहेबांचे प्रश्न शेतकऱ्याचे होते. तिथली माती कोणत्या रंगाची आहे? भात वर्षातून कितीदा काढतात? नारळाला पाणी कोण घालते? "तळी हायत म्हणती, दोन हजार वर्षांची," मुक्ताबाईंनी सांगितले. "अजून भरलेली हायत."  नानासाहेब म्हणाले, "आपल्या महापालिकेला पाठव म्हणावं तिकडं." बुधवारी त्यांचा आवाज बारीक वाटला. मुक्ताबाईंनी विचारले तर ते म्हणाले, "जेवण जास्त झालंय."

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास कँडीतल्या अतिथिगृहात तिघी चहा घेत होत्या, तेव्हा विश्वजीतचा फोन आला.

"आई, आबांना पहाटं दवाखान्यात आणलं. तुझ्याच दवाखान्यात. तब्येत जरा जास्त हाये. तू काळजी करू नको. निघून ये, पण घाई करू नको, सावकाश ये. अन् एकटी येऊ नको, दमयंती मावशीला संग घे."

विश्वजीतच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द खरा होता. नानासाहेबांना छातीत संसर्ग झाला होता, ते अतिदक्षता विभागात होते, तोंडावर मास्क होता आणि ते शुद्धीवर होते. आई कधी एकटी विमानात बसलेली नव्हती, तिला रक्तदाबाचा त्रास होता, परक्या विमानतळावर ती धांदलीत कुठे पडू नये, एवढेच त्याच्या मनात होते. संकटात बोलायचे कसे, हे तो लहानपणी शाळा सुटल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसून ऐकत आला होता. वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडून तेच शब्द निघाले. आपण काय बोललो हे त्याला कळले नाही.

मुक्ताबाईंनी ते ऐकले आणि त्यांना वाटले, आपणच पलीकडून बोलत आहोत.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?"

"नाय अजून."

"जेवून घे. पुढं जमणार नाय." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि बाजूचे बटण दाबून तो बंद करून टाकला. मग मैत्रिणींना म्हणाल्या, "विश्वजीतचे आबा गेले."

विश्वजीतने काय काय सांगितले, ते दमयंती सिस्टरांनी विचारले. मुक्ताबाईंनी शब्द न् शब्द सांगितला. सिस्टरांनी डोळे मिटले. अठ्ठावीस वर्षांपैकी निम्म्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या होत्या.

पारूबाईंनी मात्र मान्य केले नाही. "अगं, फोन तर लाव परत. आबांना दे म्हणावं."

"आणि पोराला काय बोलायला लावू, पारू?" मुक्ताबाई म्हणाल्या. "तो म्हणेल झोपलेत. मग मी म्हणेन उठव. मग? त्याच्या तोंडून वदवून घेऊ?"

"वदवून घे. मी वॉर्डात होते, बाई. तोंड बघितल्याबिगर मी कुणाला मेला म्हणत नाय."

"पारूबाई, पुरे," दमयंती सिस्टर म्हणाल्या. "घरी काय चाललं असेल याचा विचार करा. त्यांना आत्ता फोनवर छळू नये."

फोन बंद ठेवण्यामागे मुक्ताबाईंचा विचार असा होता. त्यांनी आयुष्यभर पाहिले होते की नातेवाईक वाटेतून पुन्हा पुन्हा फोन करतात आणि प्रत्येक फोनला घरच्या माणसाला नवे खोटे बोलावे लागते. आपल्या मुलावर ती वेळ येऊ नये, असे त्यांना वाटले. त्यांना रुग्णालयाचा क्रमांक पाठ होता. बोर्डावर बसणारी मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. पण त्या मुलीनेही काय सांगितले असते, हे त्यांना तोंडपाठ होते.

सम्यक धावत आला. "मावशी, आज दुपारी चेन्नईवरून जाणारं एक विमान हाये. आत्ता गाडीत बसलो तर गाठता येईल. मुंबईहून गाडी करू. उद्या सकाळी सहा-सातला घरी. नायतर मग उद्या सकाळचं थेट मुंबईचं, त्यानं घरी जायला संध्याकाळ होईल."

"उद्याचं बघ, बाळा," मुक्ताबाई म्हणाल्या. "आता घाई कशाची?"

पारूबाई काही बोलायला गेल्या. दमयंती सिस्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्या दुपारी मुक्ताबाई न्हाणीघरात गेल्या. रुग्णालयाच्या अंगणात त्यांनी अनेकदा पाहिले होते. नवरा गेलेल्या बाईला इतर बाया धरून बसवतात, तिच्या बांगड्या दगडावर आपटून फोडतात, कपाळ पुसतात. ती बाई त्या वेळी माणूस राहत नाही, एक विधी होऊन जाते. आपल्या बाबतीत हे दुसऱ्या कुणी करायचे नाही, असे मुक्ताबाईंनी फार पूर्वी ठरवले होते. त्यांनी हाताला साबण लावला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून, एकही न फोडता, काढल्या. टिकली काढली. मंगळसूत्र रुमालात बांधून पिशवीत ठेवले. त्या बाहेर आल्या तेव्हा पारूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि तोंडावर पदर घेतला. "काय केलंस हे, मुक्ता," एवढेच त्या म्हणाल्या.

पाच वाजले तेव्हा तिघी खाटेवर बसून होत्या. मुक्ताबाईंनी घड्याळ पाहिले. 

विश्वजीतने त्या दिवशी आईचा फोन बारा वेळा लावून पाहिला. संध्याकाळी त्याने सम्यकला फोन केला. सम्यकला सिस्टरांनी बजावले होते, म्हणून तो एवढेच म्हणाला, "मावशी आराम करत्यात. उद्याच्या विमानानं निघतील. तुम्ही धीर धरा, दादा." विश्वजीतला वाटले, तो आबांच्या दुखण्याबद्दलच बोलतो आहे. त्यानेही जास्त सांगितले नाही. आई परक्या मुलखात आहे, तिला घाबरवायचे कशाला, असा त्याने विचार केला. दोन्हीकडची माणसे चांगली होती आणि दोन्हीकडची एकमेकांना जपत होती. त्या जपण्यापायी एक प्रश्न कुणीच विचारला नाही.

शुक्रवारी सकाळी मुक्ताबाई आणि दमयंती सिस्टर निघाल्या. पारूबाईंना यायचे होते, पण मुक्ताबाईंनी त्यांना मागे ठेवले. मुंबईला उतरून संध्याकाळच्या विमानाने त्या चिकलठाण्याच्या विमानतळावर आल्या. सिस्टर रिक्षावाल्याला रुग्णालयाचे नाव सांगू लागल्या, तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या, "नाय, घरी. आता तिकडं काय?"

गल्लीत शिरताना त्यांना अपेक्षा होती की घरासमोर मंडप असेल, खुर्च्या असतील, दारात चपलांचा ढीग असेल. तिथे काहीही नव्हते. त्या दिवशी नळाला पाणी आले होते. बाया पिंपे भरत होत्या, मोटारी घरघरत होत्या. त्यांच्या दाराला कुलूप होते. शेजारचे कडुबा हातात पाइप घेऊन उभे होते. त्यांनी मुक्ताबाईंचे पिंपही भरायला घेतले होते.

"वहिनी? अवो, तुम्ही इकडं कुठं?" ते म्हणाले. "दवाखान्यात जा की आधी. कालपासून समदे तिकडंच हायत."

"कोण?"

"कोण म्हंजी? नाना आयसीयूत हायत ना. विश्वजीतनं सांगितलं नाय का तुम्हाला?" मग त्यांची नजर मुक्ताबाईंच्या कपाळावर गेली, आणि हातांवर गेली. पाइप पिंपातून निसटला आणि पाणी रस्त्यावर वाहू लागले. पाइप उचलायचे त्यांना सुचले नाही.

दमयंती सिस्टरांनी मुक्ताबाईंचा दंड धरला आणि त्यांना पुन्हा रिक्षात बसवले. रिक्षात सिस्टर एकदाच बोलल्या. "मुक्ता, मी तरी विचारायला हवं होतं."  मुक्ताबाई रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "जोरात घे रे, बाबा. जोरात घे."

अतिदक्षता विभागाच्या दाराशी विश्वजीत, सायली आणि सारजाबाई बसले होते. आईला पाहून विश्वजीत उठला, दोन पावले पुढे आला आणि थांबला. सारजाबाई तारस्वरात ओरडली, "अगं, कपाळ कुठंय तुझं? हात बघू. अगं, माझा भाऊ जित्ता हाये आत! जित्त्या माणसाचं कुकू पुसून आलीस?"

कॉरिडॉरमधली सगळी माणसे वळून पाहू लागली. मुक्ताबाई तशाच उभ्या राहिल्या.  सायली पुढे झाली. तिने आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि सासूच्या कपाळावर लावून अंगठ्याने दाबली. "आई, जावा आत," ती म्हणाली. "आधी आत जावा."

आत नानासाहेबांच्या घशात नळी होती. यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होते. त्यांना गुंगीचे औषध दिले होते, कारण नळी असताना माणसाला जागे ठेवत नाहीत. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने सरळ, स्पष्ट सांगितले. "नळी आज दुपारी तीन वाजता घातली. तशी ती कालच घालायला हवी होती. पण काकांनी सही करायला नकार दिला. आणखी थोडं थांबा म्हणाले. काल रात्री म्हणाले, आज सकाळी म्हणाले. ते शुद्धीवर होते, त्यांच्या इच्छेविरुद्ध आम्हाला काही करता आलं नाही. दुपारी ऑक्सिजन फारच खाली गेला, तेव्हा पर्याय राहिला नाही." मग तो म्हणाला, "आता ते बोलू शकणार नाहीत. अशा फुफ्फुसांत नळी पुन्हा निघण्याची शक्यता कमी असते, हे तुम्हाला सांगायलाच हवं."

मुक्ताबाईंनी त्याचे आभार मानले. इतक्या वर्षांत त्या इमारतीत इतके सरळ बोललेले त्यांनी क्वचितच ऐकले होते.

त्या नानासाहेबांजवळ बसल्या. घड्याळात सव्वासात झाले होते. गुरुवारच्या दुपारच्या विमानाने त्या आल्या असत्या तर शुक्रवारी सकाळी सातला इथे असत्या. नानासाहेब जागे असते, मास्क बाजूला करून तुटक का होईना बोलले असते. गुरुवारी पाच वाजता नुसता फोन केला असता, तरी बोलले असते. हे गणित त्यांना कुणी मांडून दाखवण्याची गरज नव्हती. त्यांनी नानासाहेबांच्या कानाशी वाकून तिथली माती कोणत्या रंगाची होती ते सांगितले, कारण तो प्रश्न अर्धवट राहिला होता. यंत्राचा आवाज एकसारखा येत राहिला.

नानासाहेब मंगळवारी सकाळी गेले. नळी निघाली नाही, ते जागे झाले नाहीत. घरी आणल्यावर सारजाबाई आणि भावकीतल्या बायांनी जे करायचे ते केले. मुक्ताबाईंच्या कपाळावरची सायलीची टिकली काढली. बांगड्या मुक्ताबाईंच्या हातात नव्हत्याच, म्हणून एकीने बाजारातून दोन आणल्या, त्यांच्या हातात चढवल्या आणि मग फोडल्या. मुक्ताबाईंनी विरोध केला नाही. ज्या गोष्टीपासून स्वतःला वाचवण्यासाठी त्यांनी परक्या देशात एकटीने ते केले होते, ती गोष्ट त्यांच्या वाट्याला आलीच. तेराव्यापर्यंत भावकीत एकच बोलणे चालले. हिनेच आधी पुसले, मग तो कसा राहील? सुशिक्षित माणसेही हे बोलली. मुक्ताबाईंना ते खोटे आहे हे कळत होते. मात्र आपल्या मनात जे चालले आहे ते याहून फार वेगळे नाही, हेही त्यांना कळत होते.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. सारजाबाईही गंगापूरला गेली. विश्वजीतचे कंत्राट त्याच आठवड्यात संपले होते आणि नवे आलेले नव्हते, त्यामुळे तो सकाळी दहा वाजताही घरीच होता. ऑक्सिजनचे यंत्र परत न्यायला माणूस यायचा होता. दोघे त्या यंत्राशेजारी बसले होते.

"आई, माझं चुकलं," विश्वजीत म्हणाला. "मी लवकर ये म्हणायला पायजे होतं. तू घाबरशील, पडशील कुठं, म्हणून सावकाश म्हणलो."

मुक्ताबाईंना इथे एक सोपी वाट होती. फोनची बॅटरी संपली होती, विमानात जागा नव्हती, असे काही त्या सांगू शकल्या असत्या. मुलाला ते चालले असते. त्यांनी तसे केले नाही.

"तुझं काही चुकलं नाय," त्या म्हणाल्या. "जागा होती त्या दिवशीच्या विमानात. फोनबी मीच बंद केला. मी त्यांना गेलेलं समजले, बाळा. तू बोललास अन् मला वाटलं, झालं."

"कळलं मला. दारात तुला बघितलं तव्हाच."

तो यंत्राची वायर गुंडाळू लागला.

"पण एक फोन करायचा होतास, आई," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "मला नाय तर बोर्डावर. एवढा एकच."

"केला असता तर तू म्हणला असतास, आबा हायत, बोलत्यात. बोर्डावरली पोरगीबी तेच म्हणली असती." मुक्ताबाई थांबल्या. "अन् मी मानलं नसतं. मी आयुष्यभर लोकांना तेच सांगितलं ना."

विश्वजीतने मान खाली घातली.  थोड्या वेळाने मुक्ताबाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्या इतके दिवस घेऊन बसल्या होत्या.

"डॉक्टर म्हणले, नळी गुरुवारीच घालायची होती. ह्यांनी थांबवली. कशापायी थांबवली?"

"नळीची भीती वाटत होती त्यांना."

"तसं म्हणले?"

"व्हय."

"अजून काय म्हणले?"

"काय नाय."

"पाच वाजता?"

"पाचला ते गुंगीत होते, आई. त्यांना वेळेचं काही कळत नव्हतं."

"डॉक्टर म्हणले, शुद्धीवर होते."

"डॉक्टर सारखे तिथं थोडेच होते? मी होतो." विश्वजीतने आता वर पाहिले. "तुझ्याबद्दल काही बोलले नाय. शांत होते. तरास नाय झाला त्यांना."

त्याचा आवाज मघाशी फुटला होता, तो आता सपाट होता. शब्द मोजके होते आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याने थोडी जागा सोडली होती. असा आवाज कसा लावतात हे मुक्ताबाईंना माहीत होते. रडून थकलेल्या, खरे बोलणाऱ्या माणसाचा आवाजही असाच होतो, हेही त्यांना माहीत होते. या दोहोंतला फरक ओळखायचा कसा, ते त्यांना कधी कळले नव्हते, कारण त्या नेहमी फोनच्या अलीकडल्या बाजूला बसत आल्या होत्या.

त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग पुन्हा विचारले, "खरं सांग, कशापायी थांबले होते?"

"सांगितलं ना, आई," विश्वजीत म्हणाला. "नळीची भीती वाटत होती."